शेवटच्या फेरीची घंटा

माझ्या वडिलांनी माझी शर्यतीची सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आले, बाजारात बैल बघावा तसे. वाकून पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं, सीटवर थाप मारली, आणि मग विचारलं, "घंटी कुठं हाय?"

"हिला नसते, बाबा."

"स्टँड?"

"नाही."

"मडगाट?"

"तेही नाही."

"आनि कॅरेर?"

मी समजावून सांगितलं, की ही डोंगरात पळवायची सायकल आहे, वजन कमी ठेवावं लागतं. त्यांनी ती एका हाताने उचलली, जरा हलवून पाहिली आणि खाली ठेवली. "आर्धीच दिली त्यांनी तुना," ते म्हणाले. "बाकीची कवा देनार?"

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. बाकीची सायकल कधी आली नाही, आणि बाबांनीही तगादा सोडला नाही.

मी धंद्याने माउंटन बाइक रेसर. हे वाक्य मी उरणच्या नाक्यावर, लग्नात, बँकेत आणि एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना उच्चारलेलं आहे, आणि सगळीकडे पुढचा प्रश्न एकच आला: "किती सीसीची?" शून्य, साहेब. पायाने चालवायची. जाड टायरांची सायकल, आणि रस्ता नसेल तिथूनच जायचं. दगडांवरून, मुळांवरून, ओढ्यातून चढ चढायचा, मग तोच चढ जीव मुठीत धरून उतरायचा, आणि हे सगळं चार-पाच फेऱ्या. जो आधी येतो तो जिंकतो. बाकीचे जेवायला आधी येतात.

लोक म्हणतात, तू देश पाहिलास. पाहिला ना! हिमाचल पाहिला, निलगिरी पाहिली, ईशान्येची कुठकुठली जंगलं पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी मला पुढच्या माणसाचं मागचं चाक दिसलं. कधी चांगला दिवस असला तर तेही दिसायचं नाही, फक्त स्वतःचा श्वास ऐकू यायचा. बाकी सगळं सारखंच. सायकल खोलून खोक्यात भरायची. विमानतळावर खोकं बघून कुणीतरी विचारणार, "टीव्ही आहे का?" मग कुठल्यातरी लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर खोकं खांद्यावरून चढवायचं, कारण सायकल खाली ठेवली तर झोप लागत नाही आणि वर नेली तर खांदा दुखतो म्हणून झोप लागत नाही. खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे. सकाळी सुरुवातीच्या रेषेजवळ संडासाची रांग, आणि त्या रांगेत सगळे महान खेळाडू एकमेकांच्या नजरा चुकवत उभे. मी इतक्या वर्षांत त्या रांगेतल्या लोकांशी जेवढी मैत्री केली तेवढी व्यासपीठावरच्यांशी नाही केली.

माझी हसण्याची पद्धत अशी आहे, की लोकांना वाटतं या माणसाला मजा येते आहे. येत होतीच. पण मागच्या चार-पाच वर्षांत एक नवा पाहुणा घरात राहायला आला होता. हा शर्यतीनंतरचा थकवा नव्हे, त्याची माझी जुनी ओळख. तो येतो, दोन दिवस राहतो, वरणभात खातो आणि जातो. हा नवा थकवा सकाळी माझ्याआधी उठून खाटेच्या काठावर बसलेला असायचा. इतर बायका नवऱ्याला चहाचं विचारतात. माझी बायको विचारायची, "पाय काय म्हणतायत?" आणि पायांची बातमी ऐकूनच ती चुलीवर काय ठेवायचं ते ठरवायची.

बायको म्हसळ्याकडची, भातशेतीवाल्या घरातली. आम्ही मिठागरवाले. तिला लग्नानंतर पहिली गोष्ट कळली ती ही, की इथल्या हवेत लोखंड जगत नाही. खाडीवरच्या बांधावरून मी सराव करून आलो, की तिने सायकल गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची आणि साखळीला तेल घालायचं. एकही दिवस चुकवला तर दुसऱ्या दिवशी साखळीवर तांबूस पूड. "माझ्या माहेरी म्हशीला एवढं न्हाय घासत," ती म्हणायची, आणि घासायची.

बाबांनी उभी हयात मिठागरात काढली. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, ढीग लावायचे. आता आमच्या मिठागरावर भराव पडला आहे आणि त्यावर कंटेनर उभे आहेत, एकावर एक, रंगीत. गावातल्या बऱ्याच लोकांनी गाड्या घेतल्या. माझ्या मामाने दोन टेम्पो घेतले आणि त्यांची नावं बैलांसारखी ठेवली. मी सायकल घेतली. द्रोणागिरीच्या चढावर पहाटे पाय घासायचे, नाहीतर करंज्याहून लाँचने रेवसला उतरून पलीकडच्या टेकड्या धुंडाळायच्या. लाँचवाला माझ्या सायकलीचं तिकीट बकरीच्या हिशेबाने फाडायचा. कारण विचारलं तर म्हणाला, "सायकलीचा दर हाय, पन हिला कॅरेर नाय. सायकल कशी म्हनू?" मला संशय आहे, की बाबा त्याला आधी भेटलेले होते.

पण बाबांना शर्यत कळत नव्हती असं समजू नका. उलट शर्यत म्हणजे काय हे फक्त आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत होतं, कारण तरुणपणी ते बैलगाडी हाकायचे. आमच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की ओल्या घट्ट वाळूवर गाड्या पळतात. मधली काही वर्षं बंद होत्या, आता पुन्हा सुरू झाल्या आहेत. दूरच्या झेंड्याला वळसा घालून परत यायचं, आधी येईल ती गाडी पहिली. सोपं वाटतं. अवघड काम पुढेच असतं. रेषा ओलांडली तरी बैल थांबत नाहीत. ते तसेच सुटतात, माणसांत घुसतील, समुद्रात जातील, काहीही. म्हणून पहिल्या गाडीच्या गावची माणसं रेषेच्या पुढे तयारच उभी असतात. गाडी आली, की धावत जाऊन समोरून जू धरायचं, दोघांनी दोन्ही बाजूंनी लटकायचं, बैलांच्या मानेवर हात फिरवत "हो हो हो" करायचं, आणि मग गुलाल. ज्याचे बैल धरायला माणसं नाहीत त्याने शर्यतीत उतरूच नये, असं बाबा म्हणायचे.

माझ्या शर्यतीला ते कधी आले नाहीत. लांब असायच्या, हे खरं. पण एकदा मी विमानाचं तिकीट काढतो म्हटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं तुना धराला कोन आसतं?"

"कुणी नाही. आम्हीच थांबतो."

"मंग कसली ती शरयत," ते म्हणाले आणि विडी पेटवली.

तर या हिवाळ्यात आमच्या संघाचा व्यवस्थापक घरी आला. माझ्याहून बराच लहान, पुण्याचा, मुलगा सरळ. सायकलींच्या एका मोठ्या दुकानाचा आमचा संघ. सायकल त्यांची, प्रवास त्यांचा, कपड्यांवर नाव त्यांचं. आत फक्त मी माझा. त्याने चहा घेतला, पोह्यांची तारीफ केली, दुसऱ्यांदा तारीफ केली, तेव्हा मला कळलं, की बातमी वाईट आहे.

"दादा, वर विचारतायत," तो म्हणाला. "नवीन पोरं येतायत. तुमच्या वयाचं… म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे."

"माझ्या वयाचं मला माहीत आहे. वरच्यांना कुणी सांगितलं?"

"दादा, चेष्टा नको. या मोसमातली शेवटची शर्यत. पहिल्या तिघांत या. एवढं केलंत तर पुढच्या वर्षीची तुमची जागा मी सोडवून आणतो. चौथे आलात तर माझ्या हातात काही नाही."

मी त्याला विचारलं, शर्यत कुठे? तो म्हणाला, म्हसळ्याच्या डोंगरात. बायको आतून बाहेर आली. तिच्या माहेरच्या कातळावर, जिथे ती लहानपणी काजू गोळा करायची, तिथे देशभरचे रेसर सायकली घेऊन येणार होते. तिला एवढं हसू आलं, की तिने व्यवस्थापकाला तिसऱ्यांदा पोहे वाढले.

तुम्ही म्हणाल, एवढा दमला होतास तर जागा कशाला हवी होती? हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होतो, आणि टाळण्यात मी पटाईत आहे. दर वर्षी मी म्हणायचो, अजून एकच वर्ष. सायकलीवाचून सकाळी उठून काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. थांबायचं असेल तर कुणीतरी सांगायला हवं. आणि कुणी सांगितलं, तर मी भांडायला तयार. तर असा मी, दुखऱ्या गुडघ्यांसह, त्या एका जागेसाठी तीन महिने कुत्र्यासारखा राबलो. पहिल्या तिघांत. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता शर्यत जवळ म्हटल्यावर गाव कसलं ऐकतंय! मामाने दोन्ही टेम्पो काढले. माझा फोटो छापलेले टी-शर्ट आले. फोटो लग्नातला होता, मुंडावळ्या कापून टाकलेल्या, त्यामुळे माझ्या कपाळाला दोन्ही बाजूंनी जरा चावा घेतल्यासारखा दिसत होता. बायकोच्या भावांनी तिकडून खालूबाजा सांगितला, ढोल आणि सनई दोन्ही. आणि निघायच्या पहाटे बाबा पांढरी टोपी घालून, नारळ पिशवीत घेऊन, टेम्पोत पुढच्या सीटवर बसलेले सापडले. कुणी काही विचारू नये म्हणून ते समोर काचेतून बघत होते. मामाच्या पायाशी एक गोणी होती. मी विचारलं, यात काय? मामा म्हणाला, "तू तुझा काम कर."

म्हसळ्याची ती वाट मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. मैदानातून निघायचं, काळ्या कातळावर चढायचं, कातळ संपला की काजूच्या बागेतून तिरका उतार, खाली पऱ्या, म्हणजे कोरडा ओढा, त्यातले गोटे, मग परत चढ आणि मैदान. अशा पाच फेऱ्या. उत्तरेकडची ती डोंगरातली पोरं चढावर हरणासारखी; पहिल्या फेरीत माझ्यासमोरून अशी गेली, की मला त्यांना शुभेच्छा द्यायलाही वेळ मिळाला नाही. पण दहा वाजले आणि आमच्या कोकणचं ऊन बाहेर आलं. ते नुसतं ऊन नसतं. ओलं फडकं तोंडावर धरून कुणी उन्हात उभं करावं तसं असतं. हरणं गळायला लागली. तिसऱ्या फेरीत एक जण काजूखाली बसलेला दिसला, डोक्यावर पाण्याची बाटली ओतत. चौथ्या फेरीत मी मोजलं, पुढे दोघे. मग एक. पऱ्यातल्या गोट्यांत तो एक घसरला आणि मी त्याच्या बाजूने, म्हातारा बैल चढ ओळखतो तसा, हळूच वर निघालो.

पुढच्या माणसाचं मागचं चाक नव्हतं. कुणीच नव्हतं. माझे पाय कधीचेच गेले होते, मी त्यांच्या आठवणीवर पायडल मारत होतो. पण मागे बघितलं तर बरंच अंतर, आणि एकच फेरी बाकी. तिघांत काय, पहिला!

आता एक नियम ऐकून ठेवा. आमच्या शर्यतीत पहिला माणूस शेवटची फेरी सुरू करायला रेषेवर आला, की पंच एक मोठी पितळी घंटा वाजवतात. टण टण टण. अर्थ एवढाच, की आता एक फेरी राहिली. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

माझं गाव सोडून.

मी मैदानात शिरलो. खालूबाजा सुटला. पंचबाईंनी घंटा हलवली. टण टण टण. आणि त्या आवाजावर मला बाबांचा आवाज आला. तो आवाज मी लहान असताना वाळूवर ऐकला होता, नंतर कधी नाही.

"आयला! पयला आयला! धरा रं! फुडनं धरा!"

दोरीखालून तीसेक माणसं आत आली. सगळ्यांच्या छातीवर मी. मामा सगळ्यांत पुढे, या वयात, पोट सांभाळत, बरोबर समोरून आला आणि त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं, जू धरावं तसं. दोन जण दोन बाजूंनी लटकले. एकाने सीट धरली. एकाने, का ते त्याचं त्यालाच माहीत, माझा कान धरला. मी ओरडलो, "अरे, अजून एक फेरी आहे!" पण 'अजून'पर्यंत शब्द बाहेर आला आणि पुढच्या शब्दांच्या जागी तोंडात गुलाल आला. गोणीत काय होतं ते कळलं. अर्धी गोणी माझ्यावर, अर्धी सायकलीवर, आणि उडाला तो धरणाऱ्या सगळ्यांवर.

"हो हो हो," मामा माझ्या मानेवर थोपटत होता. "हो राजा, हो. जालं. जालं आता."

आणि माझी धाप हळूहळू खाली बसली. पाय थरथरायचे थांबले. डोळ्यांत गुलाल, कानात सनई, मानेवर मामाचा जाड हात, आणि माझं सगळं वजन दुसऱ्यांनी धरलेलं. मी सुटायची धडपड करायला हवी होती. मी नाही केली. काही क्षण मी डोळे मिटून त्या हातांवर रेललो होतो, आणि खरं सांगायचं तर इतकी गाढ विश्रांती मला कित्येक वर्षांत कुठल्या लॉजच्या खाटेवर मिळाली नव्हती.

बाजूने एक सायकल गेली. मग दुसरी. दुसरीवाल्याने वळून बघितलं. त्याला वाटलं असेल, इथे एखादा सण आहे.

सगळ्यांत आधी भानावर आली माझी बायको. ती गर्दीत कोपरं मारत घुसली. "ओ मामा, सोडा! सोडा त्यांना! एक फेरी बाकी हाय!"

"घंटा वाजली ना, सूनबाय!"

"ती बाकी हाय म्हनून वाजली! सोडा म्हनते ना!"

मामाने इतक्या चटकन सोडलं, की मी आडवा झालो. तोवर पाच जण पुढे गेले होते. उठलो, बसलो, निघालो. मागून बाबांचा आवाज आला, "आता कंला चाललाय यो?"

ती शेवटची फेरी म्हणजे एक स्वतंत्र नाटक होतं, प्रेक्षक फक्त काजूची झाडं. गुलाल ब्रेकच्या चकत्यांत गेलेला. ब्रेक दाबला, की डुकराचं पिल्लू पकडल्यासारखा आवाज यायचा आणि वेग मात्र तोच राहायचा. बागेतला उतार मी बुटाचा तळवा जमिनीवर घासत उतरलो, लहानपणी उतरायचो तसा. घामाने गुलालाचा चिखल झाला होता. चढावर एकाला गाठलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि, देवाशप्पथ, बाजूला झाला. मैदानाच्या तोंडाशी आणखी एकाला गाठलं. तिसरा माझ्यापुढे एवढाच होता, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीइतका. तो रेषेवर पोचला आणि मग मी पोचलो.

चौथा.

घंटा वाजली नाही. कुणी धरलं नाही. माझी माणसं दोरीमागे उभी होती, शिक्षा झाल्यासारखी. मी स्वतःच थांबलो.

व्यवस्थापक तोवर पंचांच्या तंबूत पोचला होता. त्याच्या मोबाइलवर सगळं चित्रित झालेलं. मला हाताला धरून आत नेलं. पंचबाई शिस्तीच्या, पांढरी टोपी, नाकावर चष्मा. त्यांनी चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"तिऱ्हाईत प्रेक्षकांनी अडवलं असेल, तर गेलेला वेळ मी परत देऊ शकते," त्या म्हणाल्या. "वेळ परत दिला तर हे दुसरे येतात. पण स्वतःच्या माणसांनी अडवलं असेल तर नाही. ती जबाबदारी स्वाराची." मग माझ्याकडे वळल्या. "या लोकांना तुम्ही ओळखता?"

तंबूची एक बाजू उघडी होती. तिथून सगळे दिसत होते. मी विचार केला, टी-शर्टवर माझा फोटो आहे, यांना दिसेलच. पण मग बघितलं तर गुलालाने तो फोटो पुरता झाकला होता, आणि माझ्याही तोंडावर तोच थर. तीस लाल माणसं तिकडे आणि एक इकडे. कुणाचा कुणाशी काय संबंध? व्यवस्थापक पंचबाईंच्या पाठीमागे उभा होता. त्याने मान अगदी बारीक हलवली, डावीकडे, उजवीकडे. ओठ हलवले. नाही म्हणा, दादा.

दुसरा. जागा. अजून एक वर्ष. खोकं, लॉज, बटाटे, रांग.

दोरीपलीकडे बाबा एका परप्रांतीय पोराला, ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, हातवारे करून समजावत होते. दोन्ही हात पुढे, गुडघे वाकलेले, असं धरायचं, समोरून. पिशवीतला नारळ बगलेत तसाच होता. पोरगा मन लावून बघत होता.

"ती पांढरी टोपी दिसते ना," मी म्हणालो, "ते माझे वडील. धरा म्हणून त्यांनीच सांगितलं. हँडल धरलं तो मामा. बाकीचे पण माझेच. सनईवाले सासुरवाडीचे."

पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुम्ही थांबलात?"

"धरल्यावर थांबावं लागतं, बाई. आमच्याकडे तसंच आहे."

त्यांनी कागदावर चौथ्या ओळीत माझा क्रमांक लिहिला.

व्यवस्थापक बाहेर बर्फाच्या खोक्यावर जाऊन बसला. "एक शब्द होता, दादा," तो म्हणाला. "नुसतं नाही म्हणायचं होतं. मी वर काय सांगू आता?"

"सांग, चौथा आला."

त्याने बोटाने माझ्या गालावरचा गुलाल घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि सायकलींचं सामान आवरायला गेला. चांगला मुलगा. त्याची नोकरी अवघड आहे.

परत येताना मी टेम्पोत पुढे, बाबांच्या आणि मामाच्या मधे. मागे बायको आणि बाकीचे, ढोल नसतानाही टेम्पोच्या पत्र्यावर ढोल वाजवत होते. मी बाबांना सांगितलं, मी चौथा आलो.

"चवथा कसा? मी बगला ना. तू पयला आयलास."

मी पाच फेऱ्यांचं सगळं समजावलं. मामा रस्त्याकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता, की जणू तो टेम्पो पहिल्यांदाच चालवत होता. माणगाव गेलं. पेणच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत आम्ही उभे राहिलो तेव्हा बाबा बोलले.

"म्हंजी बाकी हाय तवा घंटा वाजवतान."

"हो."

"आनि सपल्यावर?"

"संपल्यावर काही वाजवत नाहीत."

पुढचा ट्रेलर हलला, मामाने गिअर टाकला. "मंग मानसाला कललं कसं?" बाबा म्हणाले.

मी त्यांच्या बगलेतला नारळ काढून माझ्या मांडीवर घेतला. तो फोडायचा राहूनच गेला होता.

सायकल परत द्यायची होती. बायकोने आणि मी मिळून ती धुतली. चार बादल्या गोडं पाणी घातलं तरी मागच्या चाकाच्या आसातून लाल पाणी येतच होतं. फिरवलं की पुन्हा थेंब. बायको म्हणाली, "जाऊ दे, त्यांना पण थोडा मिळू दे." बाबा पायरीवर बसून बघत होते. व्यवस्थापकाने गाडी लावली, सायकल मागे बांधली, तेव्हा ते उठले आणि त्याला म्हणाले, "आर्धीच व्हती. तशीच परत देतोय. बगून घ्या."

आता मी मामाच्या टेम्पोंची व्यवस्था बघतो. नाक्यावर जायला बाबांची जुनी काळी सायकल आहे. तिला स्टँड आहे, मडगार्ड आहे, कॅरिअर आहे आणि घंटी तर अशी, की खाडीपलीकडच्यांना ऐकू जावी. सकाळी अजूनही लवकर जाग येते. पाय अजून विचारतात, कुठे? मी सांगतो, नाक्यावर, आणि ते नाराज होतात. त्यांची समजूत मी रोज थोडीथोडी घालतो आहे.

नाक्याच्या वळणावर मामा पान खात उभा असतो. मी घंटी वाजवली, की तो भर रस्त्यात येतो, दोन्ही हात पुढे करतो आणि हँडल धरतो. मागचा ट्रेलर हॉर्न मारतो, रिक्षावाले हसतात. "हो हो हो," मामा म्हणतो.

मी पाय खाली टेकतो.